दूध संकलनाच्या ॲपमधलं डेटाबेस सेशन ताळ्यावर आणताना: जून 2024 च्या नोंदी

एका दूध संस्थेसाठी चार वर्षांपूर्वी मी वेब ॲप लिहिलं. आज त्यावर नऊ संकलन केंद्रं चालतात, दूध घालणारे साधारण 1400 उत्पादक आहेत. सकाळ-संध्याकाळ दोन पाळ्या. ऑपरेटर कोड नंबर, लिटर आणि फॅट टाकतो, ॲप दर लावून पावती छापतं, उत्पादकाला एसएमएस जातो. दर दहा दिवसांनी बिल. खाली फ्लास्क (पायथनमध्ये वेब ॲप लिहायची चौकट), एसक्यूएल-अल्केमी 2.0 (पायथनमधून डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी) आणि पोस्टग्रेस 15 (डेटाबेस), पुढे गनिकॉर्न, म्हणजे ॲप वर्कर नावाच्या अनेक प्रोसेसमध्ये चालवणारा प्रोग्राम. सेशन म्हणजे एसक्यूएल-अल्केमीचा डेटाबेसशी चालणारा एक संवाद, आणलेल्या ओळी आणि पक्के न झालेले बदल तो धरून ठेवतो. सगळं दोन जीबी रॅमच्या एकाच सर्व्हरवर, महिना 1,100 रुपये भाड्याने.

फ्लास्क-एसक्यूएल-अल्केमी हे तयार एक्स्टेन्शन मी घेतलं नव्हतं, कारण तीच मॉडेल्स रात्रीच्या बिलाच्या स्क्रिप्टलाही लागतात. ते वापरणाऱ्यांना 8 तारखेपर्यंतच्या बऱ्याच अडचणी येणार नाहीत. तिथून पुढच्या मात्र येतात. पर्यायांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. कोडमध्ये टाकताना शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर घाला.

3 जून

सकाळी सातला चार नंबर केंद्रावरून ताईंचा फोन. "दादा, सेव्ह दाबलं की लाल पाटी येतीय. तीनदा दाबलं की एकदा होतंय. बाहेर रांग लागलीय." लॉगमध्ये एकच चूक पुन्हा पुन्हा: पेंडिंग रोलबॅक एरर. आधीच्या फ्लशमध्ये (बदल डेटाबेसकडे पाठवताना) बिघाड झाल्यामुळे ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के किंवा रद्द होणारे बदल) मागे घेतलंय, पुढे जायच्या आधी रोलबॅक करा, म्हणजे ते बदल सोडून द्या, असं ती सांगत होती. गनिकॉर्न रीस्टार्ट केला, पाटी गेली. सव्वाआठला पुन्हा तेच.

दिवसभर बसून मूळ सापडलं. डेटाबेसच्या मॉड्यूलमध्ये सगळ्यात वर मी एक सेशन तयार करून ठेवलं होतं आणि ॲपभर तेच इम्पोर्ट केलं होतं. दोन केंद्रं होती तोवर त्याने कधी त्रास दिला नाही. संकलनाच्या टेबलवर कोड, तारीख आणि पाळी मिळून युनिक बंधन आहे. गर्दीत ऑपरेटरकडून एकाच कोडचं दूध दोनदा टाकलं जातं, तेव्हा पोस्टग्रेस नकार देतो, आणि तो द्यायलाच हवा. माझा कोड ती चूक पकडून "नोंद आधीच आहे" एवढं दाखवायचा, रोलबॅक मात्र करायचा नाही. सेशन तिथेच अडायचं आणि त्या वर्करकडे येणारी प्रत्येक पुढची रिक्वेस्ट त्याच अडलेल्या सेशनवर आपटायची. तीन वर्करपैकी दोन अडले होते, म्हणून तीनदा दाबल्यावर एकदा होत होतं.

आज फक्त त्या एका ठिकाणी रोलबॅक घातला. पाच तास गेले. हा इलाज नव्हे, हे घालतानाच कळत होतं. अशी कमिटची, म्हणजे बदल पक्के करायची, ठिकाणं ॲपमध्ये 43 आहेत.

4 जून

सचिव आण्णांनी पावत्यांचा गठ्ठा दाखवला. 2 तारखेच्या संध्याकाळपासून म्हशीच्या दुधाला लिटरमागे दीड रुपया वाढ दिली होती. काही पावत्यांवर नवा दर, काहींवर जुनाच. एकाच केंद्रावर, एकाच रांगेत पुढे-मागे उभ्या असलेल्या दोघांना वेगळा दर लागला होता. बेरीज केली: 1,846 लिटर जुन्या दराने गेलं, म्हणजे 2,769 रुपये उत्पादकांना कमी. आण्णा ते पुढच्या बिलात फरक म्हणून लावणार आहेत. दूध घालणाऱ्याला पावतीवर शंका आली की ती निघता निघत नाही, त्यामुळे मला हे आकड्यापेक्षा जास्त लागलं.

कारण पुन्हा तेच एकमेव सेशन. सेशन एकदा आणलेली ओळ स्वतःच्या ओळखनोंदीत, म्हणजे आयडेंटिटी मॅपमध्ये ठेवतं. तीच ओळ पुन्हा क्वेरी केली तर एसक्यूएल जातं, नवं उत्तरही येतं, पण हातातल्या ऑब्जेक्टवर, म्हणजे त्या ओळीच्या पायथनमधल्या प्रतीवर, ते लिहिलं जात नाही. आधीची मूल्यं तशीच राहतात. एरवी कमिट झाल्यावर सगळी ऑब्जेक्ट शिळी धरली जातात आणि पुढच्या वापराला ताजी होतात. मी चार वर्षांपूर्वी वेग वाढेल म्हणून एक्स्पायर ऑन कमिट बंद करून ठेवलं होतं. वर दरपत्रकाचं ऑब्जेक्ट मी मेमरीतल्या एका डिक्शनरीत साठवलेलं. ओळखनोंद ऑब्जेक्टला घट्ट धरून ठेवत नाही, कुणी वापरत नसेल तर ते निघून जातं, पण माझ्या डिक्शनरीने धरून ठेवल्यावर ते जाणार कुठे? ज्या वर्करने दरवाढीआधी दर वाचला होता, तो रीस्टार्टपर्यंत जुनाच दर लावत राहिला.

डिक्शनरी काढली. एक्स्पायर ऑन कमिट पुन्हा मुळाप्रमाणे चालू केलं.

5 जून

ते एकमेव सेशन काढून स्कोप्ड सेशन आणलं. प्रत्येक थ्रेडला, म्हणजे प्रोसेसच्या आत समांतर चालणाऱ्या प्रत्येक धाग्याला, आपापलं सेशन मिळतं आणि इम्पोर्टच्या ओळी बदलाव्या लागत नाहीत, म्हणून 43 ठिकाणं न हलवता काम झालं. सोबत गनिकॉर्नही थ्रेडवाल्या वर्करवर नेला: तीन वर्कर, प्रत्येकी आठ थ्रेड. संध्याकाळची पाळी सुरळीत गेली.

7 जून

या महिन्यातला सगळ्यात वाईट तास.

संकलनाच्या टेबलमध्ये लॅक्टोमीटरच्या डिग्रीचा रकाना हवा होता. रकाना रिकामा चालणारा, डीफॉल्ट नसलेला. पोस्टग्रेसला त्यासाठी टेबल पुन्हा लिहावं लागत नाही, क्षणात होतं. म्हणून संध्याकाळी 5:35 ला, पाळी नुकतीच सुरू झालेली असताना, अलेम्बिकचं मायग्रेशन, म्हणजे टेबलाची रचना बदलणारी स्क्रिप्ट, सोडलं. कर्सर लुकलुकत राहिला. टेबलमध्ये वर्षाला दहा लाख ओळी पडतात, तेव्हा मोठं टेबल आहे, लागेल वेळ, असं म्हणून मी थांबलो. दोन मिनिटांत पहिला फोन, पाचव्या मिनिटाला नऊही केंद्रं बंद. पावती तर राहू दे, साधी यादीही उघडत नव्हती. केंद्रांवर वहीत लिहायला सुरुवात झाली.

5:55 ला पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी, पोस्टग्रेसमधली चालू कनेक्शनांची यादी, उघडलं. पहिल्यांदा हेच करायला हवं होतं. 21 कनेक्शनं "आयडल इन ट्रान्झॅक्शन", म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून नुसती बसलेली. त्यातल्या सगळ्यात जुन्याचं ट्रान्झॅक्शन सकाळी 6:12 ला सुरू झालेलं, शेवटची क्वेरी एक साधं वाचन. कुणीतरी सकाळी यादी पाहिली होती आणि ते ट्रान्झॅक्शन जवळजवळ बारा तास उघडं होतं.

घडलं ते असं. एसक्यूएल-अल्केमीचं सेशन पहिल्या क्वेरीलाच आपणहून ट्रान्झॅक्शन उघडतं, ती क्वेरी नुसती वाचायची असली तरी. कमिट, रोलबॅक किंवा क्लोज यांपैकी काही होईपर्यंत कनेक्शन सोडत नाही. दूध सेव्ह करणाऱ्या रिक्वेस्ट कमिट करत होत्या, पण यादी दाखवणाऱ्या रिक्वेस्ट वाचून निघून जात होत्या. थ्रेड जिवंत, म्हणून त्याचं सेशनही जिवंत, आणि टेबलवरचं वाचनाचं कुलूपही तसंच. मायग्रेशनला संपूर्ण टेबलाचं कुलूप हवं, ते या 21 जणांच्या मागे उभं राहिलं. आणि मायग्रेशनच्या मागे नंतर येणारं प्रत्येक वाचनसुद्धा. म्हणून एक न मिळालेलं कुलूप सगळी संस्था थांबवू शकलं.

5:57 ला मायग्रेशन रद्द केलं, त्याच क्षणी केंद्रं सुरू झाली. 22 मिनिटं. वहीतल्या नोंदी रात्री ताई आणि मी मिळून टाकल्या, 168 होत्या, पावणेदोन तास लागले.

दोन नियम त्याच रात्री कोडमध्ये घातले. अलेम्बिकच्या एन्व्ह फाइलमध्ये लॉक टाइमआउट 3 सेकंद. कुलूप मिळालं नाही तर मायग्रेशनने हार मानावी, लोकांना ताटकळत ठेवू नये. आणि मायग्रेशन दुपारी दोनलाच.

8 जून

फ्लास्कच्या टेअरडाउन ॲपकॉन्टेक्स्टवर, म्हणजे रिक्वेस्ट संपताना आपोआप चालणाऱ्या जागी, एक फंक्शन लावलं, त्यात स्कोप्ड सेशनचं रिमूव्ह. तीन ओळी. रिक्वेस्ट नीट संपो किंवा मध्येच आपटो, हे चालतंच. सेशन बंद होतं, अर्धवट काम मागे घेतलं जातं, कनेक्शन पूलमध्ये, म्हणजे तयार कनेक्शनांच्या साठ्यात, परत जातं. 3 तारखेचा रोलबॅकचा प्रश्नही यातच सुटला. हे 5 तारखेलाच घालायचं होतं, दस्तऐवजात स्कोप्ड सेशनच्या शेजारीच लिहिलेलं आहे.

दुपारी दोनला रकाना टाकला. क्षणात झाला.

10 जून

रात्री नऊला, सगळी केंद्रं बंद असताना, एक कनेक्शन अजूनही आयडल इन ट्रान्झॅक्शन. माग काढता काढता महिन्याच्या सीएसव्ही उताऱ्यापाशी पोहोचलो. तो उतारा मी जनरेटरने ओळ-ओळ पाठवतो. फ्लास्कमध्ये असा जनरेटर रिक्वेस्टचा कॉन्टेक्स्ट संपल्यावर चालतो. म्हणजे रिमूव्ह आधी झालं, मग जनरेटरने त्याच थ्रेडवर नवं सेशन उघडलं आणि ते बंद करायला कुणी उरलंच नाही. त्या थ्रेडवर पुढची रिक्वेस्ट आली की साफ व्हायचं, म्हणून दिवसा दिसत नव्हतं. जनरेटरच्या आत स्वतंत्र सेशन विथ ब्लॉकमध्ये उघडलं, ब्लॉक संपला की ते आपोआप बंद होतं. अर्धा तास.

11 जून

1 ते 10 चं बिल रात्री पडलं नाही. कोड 1187 च्या उत्पादकाचा बँक खाते क्रमांक रिकामा, त्या ओळीवर चूक, आणि सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये असल्याने आधीची सगळी बिलं मागे. खाते क्रमांक भरून पुन्हा चालवलं, पण बँकेची वेळ टळली. 1400 घरांना पैसे एक दिवस उशिरा. आण्णा मला काही बोलले नाहीत, दिवसभर लोकांना तोंड देत राहिले. स्क्रिप्ट 20 च्या आत बदलायची, हे आज ठरवलं.

12 जून

एसएमएस बंद. डिटॅच्ड इन्स्टन्स एरर, म्हणजे ऑब्जेक्ट सेशनपासून सुटलेलं.

नोंद सेव्ह झाल्यावर मी एक थ्रेड सोडतो, नोंदीचं ऑब्जेक्ट त्याच्या हातात देतो, तो उत्पादकाचं नाव-नंबर घेऊन एसएमएस पाठवतो. आतापर्यंत सेशन कधी बंदच होत नव्हतं म्हणून ते चाललं. आता कमिटनंतर ऑब्जेक्ट शिळं झालेलं, रिक्वेस्ट संपली की सेशन बंद, आणि थ्रेड नाव मागायला जातो तेव्हा आणून द्यायला मागे कुणी नाही.

पुष्कळ ठिकाणी यावर एक्स्पायर ऑन कमिट बंद करा असं उत्तर मिळतं. मीही करून पाहिलं. नोंदीचे स्वतःचे रकाने मिळाले, पण तोवर न आणलेल्या नात्यावर, म्हणजे नोंदीवरून उत्पादकावर जाताना तीच चूक. शिवाय आमच्याकडे रक्कम पोस्टग्रेसचा ट्रिगर, म्हणजे ओळ लिहिताना आपोआप चालणारं फंक्शन, गोल करतो. कमिटनंतर ऑब्जेक्ट ताजं न झाल्याने पावतीवर गोल न केलेली रक्कम छापली. पावतीवर 213.47 आणि खात्यात 213.50. तासाभरात परत फिरवलं.

आता थ्रेडला फक्त नोंदीचा आयडी देतो. थ्रेड स्वतःचं सेशन उघडतो, नोंद उत्पादकासकट आणतो, एसएमएस पाठवतो, सेशन बंद करतो. एका सेशनचं ऑब्जेक्ट दुसऱ्या थ्रेडच्या हातात द्यायचं नाही, आयडी द्यायचा.

15 जून

सकाळी 7:20. सगळी केंद्रं तीस-तीस सेकंद थांबून चुकीची पाटी. लॉगमध्ये: क्यूपूलची मर्यादा 5, ओव्हरफ्लो 10, दोन्ही संपली, कनेक्शनची वाट पाहून वेळ संपला, 30.00. काही न सांगता इंजिन (एसक्यूएल-अल्केमीचा कनेक्शनं सांभाळणारा भाग) बनवलं की पूल असाच मिळतो, पाच कायमची आणि गर्दीत वरची दहा, प्रत्येक प्रोसेसमागे पंधरा.

आठ थ्रेडला पंधरा कनेक्शनं कशी पुरली नाहीत, हे चटकन कळेना. घाईत पूल साइज 30 आणि ओव्हरफ्लो 20 केलं. दहा मिनिटांत पोस्टग्रेसच कुरकुरला: रिमेनिंग कनेक्शन स्लॉट्स आर रिझर्व्ह्ड, म्हणजे उरलेल्या जागा राखीव आहेत. तीन वर्कर गुणिले पन्नास म्हणजे 150, आणि पोस्टग्रेसची मूळ मर्यादा 100. आता बाहेरून पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांडलाइन साधनानेही आत जाता येईना. त्या शंभरातली तीन जागा सुपरयूजरसाठी राखीव असतात, त्यातल्या एकीने शिरलो आणि यादी पाहिली. बहुतेक सगळी कनेक्शनं आयडल इन ट्रान्झॅक्शन आणि सगळ्यांची शेवटची क्वेरी एकच: एसएमएससाठी नोंद आणि उत्पादक आणणारी.

12 तारखेला मीच लिहिलेला थ्रेड. तो सेशन उघडतो, नोंद आणतो आणि सेशन उघडं ठेवूनच एसएमएसच्या सेवेकडे जातो. त्या दिवशी ती सेवा एकेका संदेशाला वीस-पंचवीस सेकंद घेत होती. प्रत्येक नोंदीमागे नवा थ्रेड, प्रत्येक थ्रेडच्या मुठीत एक कनेक्शन, आणि ते कनेक्शन डेटाबेसचं काहीच काम करत नव्हतं. पूल मोठा केल्याने फक्त जास्त थ्रेडना वाट पाहायला जागा मिळाली.

एसएमएस बंद करून पाळी काढली. पोस्टग्रेसही रीस्टार्ट करावा लागला. त्यानंतर पहिल्या काही रिक्वेस्ट मेलेल्या कनेक्शनवर आपटल्या, म्हणून पूल प्री पिंग चालू केलं. कनेक्शन देण्याआधी ते जिवंत आहे का, हे पूल तपासून घेतो.

17 आणि 18 जून

एसएमएससाठी वेगळं टेबल केलं, निरोपपेटी. दूध सेव्ह होतं त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये निरोपाची एक ओळ पडते. नोंद मागे गेली तर निरोपही मागे जातो. पूर्वी न झालेल्या नोंदीचा एसएमएस जाण्याची शक्यता होती, ती मिटली. वेगळी प्रोसेस ही पेटी रिकामी करते.

पहिल्या खेपेला मी ओळ फॉर अपडेटने कुलूपबंद केली, एसएमएस पाठवला, मग कमिट. पाठवतानाचे वीस सेकंद ट्रान्झॅक्शन पुन्हा उघडंच. 15 तारखेचीच चूक, फक्त एका प्रोसेसमध्ये. आता तीन तुकडे आहेत. छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये वीस ओळी स्किप लॉक्ड लावून (आधीच कुलूप असलेल्या ओळी सोडून) उचलायच्या, "घेतला" अशी खूण करून कमिट. मग कुठलंही सेशन उघडं नसताना पाठवायचं. मग दुसऱ्या छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये "गेला".

मध्येच प्रोसेस मेली तर ओळ "घेतला"वर अडकते. ती मी आपोआप पुन्हा पाठवत नाही. दहा मिनिटांपेक्षा जास्त अडकलेले निरोप आण्णांच्या पानावर दिसतात आणि बटण त्यांच्या हातात आहे. एकाच दुधाचा एसएमएस दोनदा गेला की लोक दुसऱ्या पावतीचे पैसे विचारायला येतात, त्यापेक्षा एक एसएमएस उशिरा गेलेला बरा.

वेब ॲपचा पूल आता: साइज 8, ओव्हरफ्लो 2, वाट पाहायची 5 सेकंद. आठ थ्रेड आहेत म्हणून आठ. तीस सेकंद रांगेतल्या माणसाला थांबवून मग नाही म्हणण्यात अर्थ नाही, पाच सेकंदांत चूक दिसली तर ऑपरेटर पुन्हा दाबतो.

19 जून

बिलाची स्क्रिप्ट. आधी इंजिनचं एको (प्रत्येक क्वेरी लॉगमध्ये छापणारा पर्याय) चालू करून क्वेरी मोजल्या. उत्पादकांची एक, प्रत्येकाच्या नोंदींची एक म्हणजे 1400, आणि दहा दिवसांच्या वीस पाळ्यांच्या प्रत्येक नोंदीमागे दर शोधणारी एक, म्हणजे 28,000. या तिन्ही मिळून 29,401. सहा मिनिटं.

नोंदी आणि कपाती सिलेक्ट-इन लोडने आधीच आणल्या. हा लोडर पाचशे-पाचशे किल्ल्या, म्हणजे ओळींचे आयडी, एका क्वेरीत घालतो, तेव्हा 1400 जणांना तीन क्वेरी नोंदींसाठी, तीन कपातींसाठी. दरपत्रक एकदाच. या वाचनाच्या क्वेरी 8 झाल्या.

मग एक नवीन चूक अडली. बिलाचं ऑब्जेक्ट लूपच्या सुरुवातीला सेशनमध्ये टाकत होतो, मध्ये थकबाकी शोधणारी एक क्वेरी राहिली होती, आणि बेरीज शेवटी. क्वेरीच्या आधी सेशन आपणहून फ्लश करतं, म्हणून बेरीज नसलेलं बिल पोस्टग्रेसकडे गेलं आणि रकमेच्या रकान्याने नाकारलं. चुकीच्या संदेशातच नो ऑटोफ्लश ब्लॉक सुचवलेला असतो. मी तो घातला नाही. थकबाकी आधी काढली, बेरीज पुरी केली आणि भरलेलं बिलच सेशनमध्ये टाकलं. क्रम बरोबर असला की ऑटोफ्लश आपल्याच बाजूने असतो.

एकाच्या रिकाम्या खात्याने बाकीच्यांची बिलं अडू नयेत म्हणून प्रत्येक उत्पादकाला बिगिन नेस्टेड, म्हणजे सेव्हपॉइंट, ट्रान्झॅक्शनमधली परत फिरायची खूण. इथे दोन तास घालवले. चूक पकडणारं ट्राय-एक्सेप्ट मी विथ ब्लॉकच्या आत घातलं होतं. चूक आत गिळली गेली, ब्लॉकला वाटलं सगळं नीट झालं, त्याने सेव्हपॉइंट पक्का करायचा प्रयत्न केला आणि तिथेच आपटला. ट्राय बाहेर, विथ आत. मग चूक ब्लॉकच्या बाहेर पडताना सेव्हपॉइंटपर्यंतच मागे जाते आणि लूप पुढच्या उत्पादकावर जातो.

21 जून

11 ते 20 चं बिल रात्री 19 सेकंदांत पडलं. तिघांचं राहिलं, तिघांचीही खाती रिकामी. त्यांची यादी सकाळी आण्णांच्या टेबलावर होती, दुपारी भरली, त्याच दिवशी पैसे गेले.

24 जून

एका उत्पादकाच्या उचलीत 1,450 रुपयांचा फरक. शिल्लक उचल 5,000. पशुखाद्याच्या काउंटरवर त्यांच्या मुलाने 1,450 चं पोतं नेलं, त्याच मिनिटाला कार्यालयात त्यांनी स्वतः 2,000 भरले. व्हायला हवी होती 4,450, दिसत होती 3,000. दोन्ही रिक्वेस्टनी 5,000 वाचले, दोघींनी आपापलं गणित पायथनमध्ये केलं, शेवटी लिहिणारीचं राहिलं. त्यांनी स्वतः येऊन सांगितलं की माझ्याकडे पोत्याचे लागतात, तुमच्याकडे दिसत नाहीत. म्हणून कळलं.

शिल्लक वाचताना विथ फॉर अपडेट घातलं. दोन टर्मिनलवरून तपासलं तर फरक तसाच. कुलूप लागत होतं, दुसरी रिक्वेस्ट थांबतही होती, पण उठल्यावर जुनीच शिल्लक वापरत होती. त्याच रिक्वेस्टमध्ये वर, नाव दाखवण्यासाठी, उत्पादक एकदा वाचून झाला होता. ओळखनोंदीतलं ऑब्जेक्ट आधीच भरलेलं, म्हणून कुलूप लावून आणलेली ताजी ओळ त्यावर उतरलीच नाही. 4 तारखेच्या दरपत्रकाचंच दुखणं, एका रिक्वेस्टच्या आत. क्वेरीला पॉप्युलेट एक्झिस्टिंग हा एक्झिक्युशन पर्याय जोडला, तो भरलेल्या ऑब्जेक्टवरही ताजी ओळ उतरवतो. पुन्हा तपासलं: 4,450.

मागचे सहा महिने तपासून काढले. अशी आणखी चार खाती निघाली, दोन उत्पादकांच्या बाजूने, दोन संस्थेच्या. यादी आण्णांकडे दिली.

27 जून

रॅम वाचावी म्हणून गनिकॉर्नला प्रीलोड लावलं, म्हणजे ॲप मुख्य प्रोसेसमध्ये एकदाच चढतं आणि मग त्यातून वर्कर निघतात (फोर्क). इंजिन मुख्य प्रोसेसमध्ये तयार होऊन तिथेच सुरुवातीच्या तपासणीची एक क्वेरी होत होती, ते उघडं कनेक्शन फोर्क झालेल्या तिन्ही वर्करकडे गेलं. एकाच तारेवर तिघं बोलू लागले; एकाची उत्तरं दुसऱ्याकडे. चाचणीच्या सर्व्हरवर होतं म्हणून निभावलं. पोस्ट फोर्कमध्ये, म्हणजे वर्कर निघाल्या निघाल्या, इंजिनचं डिस्पोझ (आलेला पूल टाकून देणं) घातलं, क्लोज बंद ठेवून. तसं ठेवलं नाही तर वर्कर मुख्य प्रोसेसचं कनेक्शनही तोडतो.

30 जून

वेब ॲपच्या पोस्टग्रेस रोलला (डेटाबेसमधल्या खात्याला) आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशन टाइमआउट 60 सेकंद लावला. मुळात तो बंद असतो. यापुढे माझ्याकडून किंवा माझ्यानंतर हा कोड पाहणाऱ्या कुणाकडून सेशन उघडं राहिलं, तर बारा तास कुलूप धरून बसण्याऐवजी ते मिनिटात तुटेल आणि लॉगमध्ये दिसेल. आधीच लावायला हवा होता, पण 8 तारखेच्या आधी लावला असता तर दर मिनिटाला कनेक्शनं तुटली असती.

संध्याकाळी 6:40, पाळी भरात असताना मोजणी: वेब ॲपची 22 कनेक्शनं उघडी, त्यातली 3 काम करताना, 19 रिकामी पूलमध्ये, आयडल इन ट्रान्झॅक्शन शून्य. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिलं, पुन्हा शून्य.

आजवर 64 तास गेले, त्यातले निम्म्याहून जास्त शोधण्यात. पशुखाद्याच्या काउंटरचं पान राहिलंय. तिथे बारकोड वाचणारी एक जुनी स्क्रिप्ट स्वतःचं इंजिन प्रत्येक स्कॅनला नव्याने बनवते. दुकान दुपारी एक ते तीन बंद असतं, तेव्हा उद्या तिथे बसणार आहे.